म्हातारीसाठी आईचा आवाज

मांजराची गोष्ट म्हटल्यावर तुमी काय समजले ते मले माहीत आहे. तुमाले वाटलं, शेवटी मांजर मरन, पोट्टा अंगणात खड्डा खोदन, त्यावर गुलाबाची काडी लावन आन तुमी डोळे पुसत पान उलटवसान. नाही मरत. आत्ताच सांगून टाकतो. म्हणजे कधीतरी मरनच, मी बी मरन, तुमी बी मरसान, पण या कागदात नाही मरत. ज्याले रडासाठी वाचाचं होतं त्यानं उठून चहा मांडला तरी चालते.

दुसरं सांगतो. मी मिमिक्री करतो. हे ऐकलं का लोकं आधीच हसाची तयारी करून बसतात. लग्नात, गॅदरिंगले, गणपतीत, मले पाहिल्याबरोबर कोणीतरी म्हणतेच, "काढ ना बे एखादा आवाज." मी काढतो. पुढाऱ्याचा काढतो, कंडक्टरचा काढतो, पट्टा सुटलेल्या पीठगिरणीचा काढतो. वरूडच्या शाळेत हेडमास्तरचा आवाज असा काढला होता का अख्खा नववीचा वर्ग उभा राहिला. मंग समजलं का वर्ग माह्या आवाजानं उभा नव्हता राहिला, हेडमास्तर खरंच मांगं दारात होते. सारे बसले, मी तासभर उभाच. तं असं आहे. हसासाठी बसले असान तं तिकडूनही फार काही मिळणार नाही.

म्हातारी म्हणजे आमची मांजर. वय एकोणीस. मी पाच वर्षांचा होतो, बाबा वरूडले संत्र्याच्या पॅकिंगवर कामाले होते. संत्र्याखाली भाताचं वाळलं तणस टाकतात, त्या तणसात कोण्या मांजरीनं पिल्लं घातली. बाकीची तिनं उचलून नेली, एक राहून गेलं. बाबानं ते शर्टाच्या खिशात घालून घरी आणलं. बाबाले जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांचा आवाज मले येते, पण मी काढत नाही.

त्यांच्या मांगं आमी अमरावतीले आलो. दोन खोल्या, मांगं न्हाणी, समोर चार फरशांचं अंगण. आई, बहीण, मी आन म्हातारी. मंग बहीण लग्न होऊन अकोल्याले गेली.

म्हातारी हे माहं म्हणणं. आई तिले बाई म्हणते. सकाळी उठली का आईचं सुरू, "काय व बाई, झाली का झोप?" ती म्यांव म्हणणार. आई त्याचा अर्थ लावणार. "पाय दुखून राहिले म्हणते." "दुधाले वास येऊन राहिला म्हणते."

मी म्हणो, "आई, मांजर एवढं बोलत नाही व."

"तुह्यापाशी नाही बोलत. तू ऐकतोच कुठं? तू नक्कल करतो."

पहिलं बाळंतपण माहेरी कराचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण बहिणीचं बीपी वाढलं. डॉक्टरनं सांगितलं का पलंगाच्या खाली उतरू नका, अमरावतीचा प्रवास तं बिलकुल नाही. आता पोरगी माहेरी येऊ शकत नाही म्हणून काय रिवाज सोडता येते? माहेरच उठून पोरीच्या सासरी गेलं. दिवाळी झाल्यावर आईनं जुन्या सुती साड्या फाडून दुपट्टे केले, डिंक घेतला, मेथ्या घेतल्या आन निघाली. बाळंतपण आन वरचा सव्वा महिना, एवढं करून येतो म्हणाली.

दारात उभी राहून मले म्हणे, "तुही काळजी नाही, तू बाहेर खाशीन. पण बाईचं काही कमीजास्त झालं तं मले लगेच सांगजो. मी हाय तशी येईन."

हाय तशी येईन, याचंच तं भेव होतं. तिकडं बहीण पलंगावर, घर सासरचं, आईशिवाय तिच्याजवळ मन मोकळं कराले कोणी नाही. मी आयुष्यात पहिल्या डाव समजदारपणा कराचं ठरवलं. काही झालं तरी आईले सांगाचं नाही. माह्यासारख्या माणसानं समजदारपणा करू नाही, हे मले कोणी सांगितलं नव्हतं.

आई गेली आन म्हातारीनं खाणं सोडलं. मी चिकन उकळून, बोटानं बारीक करून तिच्यापुढं ठेवलं. तिनं वास घेतला, माह्याकडं पाहिलं आन भिंतीकडं तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशीही तेच. मंग मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आन आईच्या आवाजात म्हटलं, "काय व बाई, उपास धरला काय? दोन घास खाय बरं. शहाणी माही माय."

म्हातारीनं मान वळवली. माह्या तोंडाकडं निरखून पाहिलं. पाव्हणे घरच्या पोट्ट्याचं गाणं ऐकून घेतात ना, तसं तिनं ते पूर्ण ऐकून घेतलं, आन उठून खाल्लं. तिले चांगलं समजत होतं का हा मीच आहे. तिनं माहा मान राखला. तवापासून आमचं तसंच सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ मी आई व्हाचं, तिनं खाचं.

पंधरा-वीस दिवस बरे गेले. मंग एक दिवस सकाळी मी दात घासून राहिलो होतो तं खोलीतून धप्प असा आवाज आला. जाऊन पाहतो तं म्हातारी एका कुशीवर पडलेली. मान एकीकडं वाकडी, डोळे डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं, लकलक लकलक. उठाले जाये आन त्याच बाजूले पडे. तोंडाले फेस. मी ब्रश तोंडात धरून तिच्याजवळ बसलो. मले वाटलं, लकवा मारला. संपलं.

घरात वरूडचा एक संत्र्याचा प्लास्टिकचा क्रेट होता. त्यात चादर घातली, वरून आईची जुनी साडी बांधली आन ऑटोत बसून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई तरुण, शांत. त्यांनी तिचे डोळे पाहिले, कानात बत्ती घालून पाहिलं.

"लकवा नाही हा. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळायची जागा असते, ती बिघडली आहे. म्हाताऱ्या मांजरांना येते अशी भोवळ. बहुतेक चार दिवसांत उतरेल. जमिनीवरच झोपवा, कुठे चढू देऊ नका, हातानं भरवा."

"म्हणजे मरत नाही?"

"आज तरी नाही." मंग त्या सुई भरता भरता म्हणाल्या, "पण वय बघा तिचं. असे झटके आता येत राहतील. प्रत्येक वेळी घाबरू नका. आणि प्रत्येक वेळी लगेच घेऊन या."

हे दोन्ही एका टायमाले कसं कराचं ते त्यांनी नाही सांगितलं.

घरी आलो. दुपारी एक वाजता आईचा फोन. तिचा फोन बटनाचा, त्यामुळं व्हिडिओ कॉल वगैरे नाही. बहिणीचा मोबाइल तिच्या सासूनं डोळ्याले त्रास नको म्हणून कपाटात ठेवून देल्ला होता. आईचा रोजचा क्रम ठरलेला. तीन वाक्यं माह्याशी, मंग, "बाईले दे बरं."

मी क्रेटकडं पाहिलं. म्हातारी मान वाकडी करून पडली होती, सुईच्या गुंगीत. आई तिकडून म्हणे, "दे ना लवकर, इथं वरण उकळून राहिलं."

मी फोन तोंडाजवळ धरला आन म्हटलं, "म्यांव."

"काय व बाई," आई म्हणाली, "आवाज काहून बसला? थंडी वाजून राहिली काय?"

मी अजून एक डाव म्यांव केलं, जरा भरून.

"हां. आता बरी हायेस."

म्हातारी पाचव्या दिवशी सरळ चालाले लागली, मान थोडी वाकडी राहिली. पण माहं म्यांव काही थांबलं नाही. एक डाव खोटा आवाज देल्ला का मंग खऱ्यानं पकडल्या जाचं भेव वाटते. तिचा घोगरा आवाज ऐकून आई म्हणन, हा तं येगळाच हाय. म्हणून रोज एक वाजता मीच.

बहिणीले पोरगी झाली. दोघी चांगल्या. मी खोलीत एकटाच नाचलो, म्हातारीनं एक डोळा उघडून पाहिलं. मंग आईच्या कामाले अंत राहिला नाही. शेक, मालिश, धुरी, दुपट्टे. माह्यासाठी तीन वाक्यांचं एक वाक्य झालं, पण बाईचा टाइम कमी झाला नाही. तिच्याशी आई जे बोले ते माह्याशी कधीच बोलली नाही.

"इथं सारे चांगले हायेत व बाई. पण दुसऱ्याचं घर ते दुसऱ्याचं घर. चहा पाहिजे म्हणाले बी दोन डाव इचार करा लागते."

म्यांव.

"कंबर मोडून गेली. पोरीले नाही सांगत मी. तिले काहाले सांगाचं?"

म्यांव.

"त्याचे बाबा असते तं नातीले कुठं ठेवू आन कुठं नाही झालं असतं. कोणापाशी बोलू मी हे?"

म्यांव कराले माह्या घशातून आवाज निघाला नाही. आई म्हणे, "बरं बरं, नको बोलू. मले समजलं."

एक दिवस तिनं आवाज हळू केला. "बाई, खरं सांगजो. पोट्टा जेवते का व? माह्यापाशी तं हाव हाव म्हणते."

आता कोणतं म्यांव काढू? भरल्या पोटाचं काढू का उपाशी? मी एक मधलंच काढलं.

"नाही जेवत म्हणते," आई स्वतःशीच म्हणाली. "मले माहीत होतं."

त्या दिवशी मी खरंच फरसाण खाऊन राहिलो होतो.

माहं काम म्हणजे, ऑटोवर भोंगा लावून जाहिराती फिरतात ना, 'गाद्यांचा महासेल, शेवटचे तीन दिवस', त्यातले कितीक आवाज माहे. बोळीतल्या एका खोक्याएवढ्या स्टुडिओत दिवसभर मी लोकाइच्या आवाजात ओरडतो. घरी येऊन म्हातारीसाठी आई होतो, आईसाठी म्हातारी होतो. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो, म्हातारी पायाशी, आन समोरून ऑटो गेला. माह्याच आवाजात गाद्या इकत गेला. म्हातारीनं ऑटोकडं कान टवकारले. मी इचार केला, आज सकाळपासून मी या घरात माह्या आवाजात काय बोललो? आठवून आठवून दोन शब्द आठवले. "हाव." आन "ठेवतो."

भाची अकरा दिवसांची झाली त्या दिवशी दुसरा झटका आला. सकाळी उन्हाच्या तुकड्यात म्हातारी उभी होती, भिंतीकडं तोंड करून. मी म्हटलं, शौक असन. मंग ती निघाली आन सरळ पलंगाच्या पायावर जाऊन आदळली. मांगं सरकली, पुन्हा आदळली. पाण्याची वाटी तिले पाय पडल्यावर सापडली. मी तोंड उचलून पाहिलं तं डोळे पूर्ण काळे, भर उन्हात. हात हलवला. बोट डोळ्याजवळ नेलं. काही नाही. रातभरात आंधळी झाली होती.

डॉक्टरीणबाईनं पाहिल्याबरोबर सांगितलं, "ब्लडप्रेशर असावं. इथे मोजायची सोय नाही. अकोल्याला जनावरांचा मोठा दवाखाना आहे, आजच जा."

मले हसू आलं. खरंच आलं, काय करू. आमच्या घरी दोघींचं बीपी वाढलं. एकीले माहेर भेटलं, दुसरीले मी.

अकोल्याच्या एसटीत क्रेट मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं साडीत बोट घालून पाहिलं. "काय हाय यात?"

"म्हातारी हाय."

"तिकीट लागन."

"मांजराच्या हिशोबात नव्वदीच्या वर हाय, साहेब. पंच्याहत्तरीच्या वर तं फुकट हाय ना?"

"आधार कार्ड दाखव तिचं," म्हणे, आन हसत पुढं गेला. साऱ्या गाडीनं मांगं वळून पाहिलं. मी बी हसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत माहा हात साडीच्या आत तिच्या पाठीवर होता, श्वास मोजत.

दवाखान्यात लाइन मोठी. माह्या पुढं एक म्हैस, दोन बकऱ्या, मांगं साखळीतलं एक कुत्रं. सारे आपापल्या सुरात. म्हातारी क्रेटच्या कोपऱ्यात मुठीएवढी होऊन बसलेली. आन एक वाजला.

फोन उचलल्याबरोबर बकरी ओरडली.

"हे काय हाय?" आई म्हणाली. "कुठं हायेस तू?"

आई माह्यापासून ऑटोनं दहा मिनिटांवर होती. तिथंच सांगता आलं असतं. तोंडावर आलं होतं. पण मले दिसलं का आई ओल्या बाळंतिणीले सोडून, तेलाच्या हातानं पळत येऊन राहिली, मांगं बहीण रडून राहिली. तिच्या सासूनं आधीच सांगून ठेवलं होतं का मांजराचा केस बी पोरीजवळ नको. आई घरातून जाताना सारे कपडे धुऊन गेली होती.

मी म्हटलं, "घरीच हावो. प्रॅक्टिस करून राहिलो."

"कशाची?"

"जनावराइच्या आवाजाची. नवा आयटम हाय." आन मांगून म्हैस हंबरली. मी म्हटलं, "ही म्हैस ऐकली?"

आई हसली. किती दिवसांनी हसली असन. "म्हैस तं हुबेहूब काढली रे बाबू. पण बकरी जमली नाही. पुन्हा काढ बरं."

बकरी पुन्हा ओरडली. आई म्हणे, "हां, आता बरी." मंग बाईले दे म्हणाली. मी एवढ्या माणसाइच्या मधात, म्हशीकडं पाठ करून, म्यांव केलं. बकरीवाला काका माह्याकडं पाहतच राहिला. फोन ठेवला आन मले समजलं, माहं खोटं एवढं चांगलं जमलं होतं का आता कोणीच येणार नव्हतं.

लहान पोराइच्या दंडाले लावतात तसा पट्टा त्यांनी म्हातारीच्या पायाले लावला. बीपी खूपच जास्त. डोळ्याच्या मांगचा पडदा सुटला होता. तिथले डॉक्टर वयस्कर, गळ्यात मफलर.

"नजर परत येणं कठीण आहे. किडन्याही थकल्या आहेत. या गोळीचा तुकडा रोज द्यायचा, माणसांचीच गोळी आहे. घरातलं सामान जागचं हलवू नका. आणि बोलत राहा तिच्याशी. आता आवाजावरच ती घर ओळखणार."

बाहेर ऑटोवाल्यानं इचारलं, "कुठं जाचं?"

मी बहिणीच्या कॉलनीचं नाव तोंडात आणलं आन गिळलं. "स्टँडवर," म्हटलं.

घरी आल्यावर मी चिकन उकळलं, तिच्यापुढं बसलो आन डॉक्टरनं सांगितलं तसं बोलाले लागलो. आईच्या आवाजात. "काय व बाई, दमली काय? ये बरं इकडं."

म्हातारी उठून उभी राहिली. असा आवाज तिनं कितीक महिन्यात काढला नव्हता, लांब, घोगरा, इचारल्यासारखा. ती माह्याकडं आली, माह्या पायाचा वास घेतला. आन वळली. आईच्या पलंगाकडं गेली, त्यावर आदळली. पलंगाखाली जाऊन आली. सैपाकघरात गेली, ओट्यापाशी आई बसते तिथं वास घेतला. मांगच्या दारापाशी गेली आन दाराले तोंड लावून ओरडाले लागली.

आतापर्यंत तिले दिसत होतं का आवाज काढणारा मी आहे. आता दिसत नव्हतं. तिच्या हिशोबानं आई घरात आली होती आन सापडत नव्हती.

मी गप्प बसलो. ती ओरडत राहिली. मंग थकून दारापाशीच बसली.

दुसऱ्या दिवशी मी माह्या आवाजात बोललो. "ये ना, म्हातारे. मी हाव ना." तिनं कानसुद्धा हलवला नाही. कसा हलवणार? जवळजवळ दोन महिने तिनं माहा आवाज ऐकला कुठं होता? मी पुस्तकातल्यासारखं काहीबाही बोललो, शाळेच्या गोष्टी सांगितल्या, गाद्यांची जाहिरात म्हणून दाखवली. काही नाही. सिरिंजनं सूप तोंडात घातलं तं एका बाजूनं बाहेर. तिसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाईले फोन केला. त्या म्हणाल्या, "मांजराचं खाणं असं बंद राहिलं तर लिव्हरवर जातं. आज काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. कुणाचं ऐकते ती?"

कुणाचं ऐकते ते मले माहीत होतं. स्टीलच्या डब्यात चिकन बारीक करून भरलं, क्रेट उचलला आन पहिली भेटली ती एसटी धरली.

साडेदहाले मी बहिणीच्या घरासमोर रस्त्यावर उभा होतो. गेटाच्या आत गेलो नाही. फोन लावला.

"आई, गेटवर ये."

"कोणत्या गेटवर?"

"तू हायेस त्या."

आई आली. कानाले फडकं बांधलेलं, हात कोपरापर्यंत तेलाचे. मले पाहिलं, क्रेट पाहिला, त्यावर बांधलेली साडी ओळखली. मी साडी सोडली. आई तिथंच रस्त्यावर, मातीत बसली.

"काय व बाई," ती म्हणाली.

म्हातारीनं डोकं वर केलं. ओरडली नाही. पुढं सरकली, आईच्या तेलाच्या हाताले नाक लावलं, आन त्या हातात तोंड खुपसून उभी राहिली. आईनं मले न पाहता हात लांब केला. मी डबा उघडून देल्ला. आईनं चिमूट भरून तिच्या तोंडाशी धरली. एक चाटण. मंग दुसरं. मंग एक घास. मी क्रेटची कडा धरून उभा होतो आन मोजून राहिलो होतो. सातव्या घासापर्यंत आई शांत होती. मंग तिनं तोंड वर केलं.

"कवापासून?"

मी सारं सांगितलं. भोवळ, डोळे, बीपी, दवाखाना. म्हशीचं सांगितलं. म्यांवचं सगळ्यात शेवटी सांगितलं, पायाकडं पाहत.

"म्हणजे मी जे बोलली," आई हळूच म्हणाली, "ते कोणापाशी बोलली?"

तिथून आईचा आवाज जो चढला तो समोरच्या गच्चीवर कपडे वाळू घालणाऱ्या बाईपर्यंत गेला.

"लाज नाही वाटली तुले? माही कंबर, माहे रडगाणे, तुह्या बाबाचं, सारं कान लावून ऐकत बसला! माणसानं कुठं बोलावं मंग? मांजरापाशी बी बोलू नाही काय? आन ही आंधळी झाली, माह्यापासून दहा मिनिटावर होती, आन मले म्हैस ऐकवली! मी हसली रे! बकरी पुन्हा काढ म्हणाली मी! बह्याड समजला काय मले?"

"आई, ताईसाठी म्हणून..."

"ताई काय मरून राहिली होती? तिले सासू हाय, नवरा हाय, डॉक्टर हाय. हिले कोण होतं? आन तुले कोण होतं? तोंड पाह्य आरशात, गालफडं बसले. फरसाण खाऊन राहिला असशीन. एकटा पडला तं एकटा पडलो म्हणावं माणसानं! हाव हाव काय करतो रोज? मी का वाघ हाव?"

खिडकीतून बहिणीचा आवाज आला, "मले बी नाही सांगितलं ना रे! थांब, मले उठू दे पलंगावरून."

"तू झोप गुमान!" आई तिकडं ओरडली आन पुन्हा माह्याकडं वळली. हात मात्र क्रेटमधीच होता, म्हातारी अजून खाऊन राहिली होती.

तेवढ्यात बहिणीची सासू दारात आली. मी म्हटलं, "जयभीम काकू." त्यांनी जयभीम घातला, क्रेटकडं पाहिलं, नाकाले पदर लावला. मी समजलो, आता हाकलतात.

"मांगच्या पडवीत ठेवा तिले," त्या म्हणाल्या. "तिकडून पोरीच्या खोलीचं दार बंद राहते. येहीणबाई, तुमी हात धुऊन, साडी बदलून मंगच आत येजा." मंग कमरेवर हात ठेवून मले म्हणाल्या, "आन तुमी हो. परवा अकोल्यात होते म्हणे? बहिणीच्या गावात येऊन दारात पाय नाही ठेवला? घोटभर पाणी नाही पेले? आमी काय दार लावून बसलो होतो? लोकं इचारतीन तं काय सांगू मी, का पोरीचा भाऊ स्टँडवरून परत जाते?"

"बोला," आई म्हणाली, "बोला त्याले. माहं झालं नाही अजून, पण घसा सुकला. मी जरा पाणी पिऊन येतो, मंग सांगतो याले."